सोब्रेदालची अठरावी चूल

सोब्रेदाल, ३ सप्टेंबर

श्री. बेल्मिरो यांस,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून सरकारी पत्रासारखं 'श्री.' घातलं. सख्ख्या भावाला असं लिहिणं बरं दिसत नाही, पण अकरा वर्षं न बोललेल्या माणसाला 'लाडक्या' तरी कसं म्हणायचं?

काल दुपारी गावातली शेवटची गाडी गेली. ऑगस्टभर चर्चपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पॅरिसच्या गाड्या, जिनिव्हाच्या गाड्या, तुमच्या लक्झेंबर्गच्याही चार. आज तिथे फेलिझबेला काकूंच्या कोंबड्या हिंडतायत. जाणारा प्रत्येक जण काच खाली करून मला विचारत होता, "मग, तुझं निघायचं कधी?" मी म्हणायचे, "मी राहणार आहे." की लगेच गाडीभर हशा. मी काही विनोद केला नव्हता.

ल्योंमधली खोली मी सोडली, फ्रान्सही सोडला. सदतीस वर्षं ज्या इमारतीचे जिने पुसले, तिच्या किल्ल्या परत दिल्या. ब्रागांसाच्या सरकारी कचेरीत जाऊन पोर्तुगालचा पत्ताही लावून आले. खिडकीमागच्या पोरीने विचारलं, "कायमचा पत्ता?" म्हटलं, "हो, कायमचा." तर म्हणते, "म्हणजे किती महिने?" आता तिला काय सांगणार!

तुम्हाला आठवण करून द्यायला हे पत्र. जूनमध्ये तुम्ही घर विकायचे कागद पाठवलेत. पोर्तोच्या कुणा साहेबांना आपलं घर हवंय, उन्हाळ्यात पाहुणे ठेवायला. मी कळवलं की मी तिथे कायमची राहायला जातेय. नवीन वर्षाच्या दिवशी गाव नवी काठी कोरतं, नांदत्या घरामागे एक खाच. तिच्यावर आपल्या घराची खाच पडली तर घर विकायचं नाही, नाही पडली तर मी निमूट सही करीन. तुमचं उत्तर आलं: 'जानेवारीपर्यंत.' एवढंच. अकरा वर्षांत तुम्ही मला लिहिलेला हा एकच शब्द. तो मी जपून ठेवलाय, रागाने.

थंडीची काळजी करू नये. येताना ल्योंहून विजेचा मोठा हीटर आणलाय. चुलीत फुंकत बसायचं माझं वय राहिलं नाही, आणि ती कला मला कधी साधलीही नव्हती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

– देओलिंडा फेर्नांदेस

सोब्रेदाल, १९ ऑक्टोबर

श्री. बेल्मिरो यांस,

उत्तराची अपेक्षा नव्हतीच. तरी टपालवाली आली की मी अंगणात काहीतरी काम काढते.

इकडे माझे फार हाल चाललेत. लोक माझ्याशी अतिशय चांगलं वागतात.

हसू नका. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर कोबी. दुपारी अंडी. शनिवारी गावच्या भट्टीतली गरम भाकर, फडक्यात बांधून. मी फावडं घेऊन कुणाच्या मदतीला गेले की फावडं हातातून काढून घेतात आणि बसायला खुर्ची देतात. परवा चेस्टनट वेचायला झेफेरिनोच्या रानात गेले. अर्धी टोपली भरली नाही तोच तो म्हणतो, "मादाम, तुम्ही कशाला वाकता? पाठ धरेल. आम्ही पाठवू घरी."

मादाम! हा झेफेरिनो चौथीत असताना माझ्या वहीतली गणितं उतरवायचा.

शेवटी आदेरितोला गाठलं. यंदा तो गावाचा कारभारी आहे, घंटेची दोरी आणि काठी त्याच्याकडे. त्याला विचारलं, "मला भट्टीची पाळी का देत नाही? माझी भाकर मला भाजायची आहे."

"पाळी काठीवरच्या घरांची असते, अगं. काठीवर सतरा चुली आहेत."

"मग अठरावी लिही."

"माझ्या मनावर थोडंच आहे? एक जानेवारीला सगळे बसतात, ते ठरवतात." मग हळूच म्हणाला, "खूप जण आले होते असे. रिबैरूंचा मुलगा आला, दोन महिने राहिला, थंडी पडताच पळाला. लोकांना वाटतं, तूही..."

"मी पळणार नाही."

"बघू," म्हणाला आणि मला एक बाटली वाइन दिली. पाहुणीला देतात तशी. मी ती रागाने घरी आणली आणि रागानेच प्यायले. चांगली होती.

एक सांगते. संध्याकाळी आईच्या बाकावर बसले की समोरच्या डोंगराला ऊन लागलेलं असतं, आणि कुरणात गुरांच्या घंटा वाजत असतात. तेव्हा मला इतकं बरं वाटतं की माझीच मला लाज वाटते. सदतीस वर्षं मी कशाची वाट बघत होते?

– देओलिंडा

सोब्रेदाल, १० नोव्हेंबर

बेल्मिरो,

'श्री.' काढून टाकलं. आज ते तोऱ्यात लिहिण्याइतकं बळ नाही.

माझ्याकडून मोठी चूक झाली. तुला कळवणार नव्हते, पण लपवून जिंकले तर ते जिंकणं कसलं.

सर्व संतांच्या दिवसापासून, म्हणजे एक तारखेपासूनच, थंडी चांगलीच पडली. मी दारं-खिडक्या लावल्या, हीटर लावला, पायात लोकरी मोजे घातले आणि राणीसारखी बसले. आठ-नऊ दिवस गेले. मग जाणवलं की उंबऱ्यावर कोबी येत नाही. भट्टीवर गेले तर बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. एकीने विचारलं, "अगं, तू गेली नव्हतीस?"

"कुठे जाणार? घरातच होते!"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

काल सकाळी दारावर धडक. उघडलं तर फेलिझबेला काकू, ब्याऐंशी वर्षांची बाई, हातात फावडं आणि फावड्यावर राखेखाली झाकलेले निखारे. मला बाजूला सारून थेट आत. चुलीपुढे बसल्या आणि हीटरकडे असं पाहिलं की मीच त्याची वायर काढली.

"मूर्ख पोरी," त्या म्हणाल्या, "गाव तुझ्या खिडकीतला दिवा बघत नाही. गाव धुराडं बघतं. सर्व संतांपासून नाताळपर्यंत ज्या घरातून रोज धूर निघतो ते घर जिवंत. हे तुझी आई तुला शिकवायची विसरली का तू विसरलीस?"

मी विसरले होते, बेल्मिरो. आपण लहानपणी शाळेतून येताना धुराडी मोजायचो, आठवतं? सगळ्यांत आधी आपलंच शोधायचो. तीच मी नऊ दिवस हीटरपुढे बसून राहिले, आणि सगळ्या गावाने बाहेरून पाहिलं की आपलं घर थंड आहे.

"काकू, तुम्हाला कुणी सांगितलं की माझ्याकडे हीटर आहे?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" त्या जरा जास्तच घाईने म्हणाल्या आणि खोकायला लागल्या.

मग त्यांनी मला चूल पेटवायला शिकवलं. चौसष्टाव्या वर्षी! "आधी बारीक काटक्या. नाही, इतक्या नाही, गुदमरेल ती. आता फुंक. अगं जोरात फुंक, वाढदिवसाचा केक आहे का तो?" माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, केसांत राख. शेवटी पेटली. आम्ही दोघी अंगणात धावलो. म्हणजे मी धावले, त्या काठी टेकत आल्या. आपल्या धुराड्यातून धूर निघत होता. काळा, घाणेरडा, ओल्या लाकडाचा धूर. मी अंगणातच टाळ्या वाजवल्या.

पण नऊ दिवस गेलेत. आदेरितोला विचारलं तर म्हणाला, "मोजणाऱ्यांनी मोजलेत." सहीचं पेन शोधून ठेवावं की काय, कळत नाही.

– देओलिंडा

सोब्रेदाल, ८ डिसेंबर

बेल्मिरो,

आज बर्फ पडलंय. चूल एकोणतीस दिवस विझलेली नाही. सकाळी राख उकरते, खाली लाल निखारा दिसतो, आणि मला कुणीतरी बक्षीस दिल्यासारखं वाटतं. वर सॉसेजं टांगलीत. काकूंनी भरली, मी फक्त दोरे बांधले, पण येणाऱ्याजाणाऱ्याला 'माझी सॉसेजं' म्हणून दाखवते.

चुलीपुढे बसलं की आई आठवते. म्हणून आज लिहिते ते नीट वाच. हे मी कन्फेशनमध्येही पूर्ण सांगितलेलं नाही.

आई गेली त्या फेब्रुवारीत मी दफनानंतर दोन दिवसांनी पोचले. तू घराला कुलूप घालत होतास. मी आत गेले, चुलीला हात लावला, ती गार होती. तू तिच्यावर पाणी ओतलं होतंस. आणि मी चर्चच्या दारात, सगळ्या गावापुढे, तुला म्हणाले, "आईची चूल विझवलीस. तुझ्या हाताला दुसरं काही जमत नाही." गाडीत बसलास आणि गेलास.

आता मला कळतं. बंद घरात पेटती चूल ठेवून कुणी जात नाही. तू शहाण्या माणसाने करावं तेच केलंस, आणि ते एकट्याने केलंस. सगळं तू एकट्याने केलंस.

आणि मी? त्या जानेवारीत आईने मला फोन केला होता. म्हणाली, "लाकडं ओली आहेत गं, माझ्याने पेटत नाहीत. चार दिवस येशील का?" माझ्या डोक्यात सुट्टी, तिकीट, इमारतीची मालकीण. मी म्हणाले, "ऑगस्टमध्ये येतेच आहे ना, आई." ती म्हणाली, "बरं, ऑगस्टमध्ये." रागावलीसुद्धा नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्यावर ओरडणं सोपं होतं. अकरा वर्षं मी तुला चूल विझवणारा म्हणत राहिले, म्हणजे मला कुणी विचारू नये की ती पेटवायला मी का आले नाही.

मी चुकले, बेल्मिरो. घर राहिलं किंवा गेलं, तरी हे खरं आहे.

आता डोळे पुसते, नाहीतर काकू म्हणतील धूर नीट जात नाही.

– देओलिंडा

सोब्रेदाल, २० डिसेंबर

बेल्मिरो,

सही करायला लागणार असं दिसतं.

काल मंगळवार. ब्रागांसाची बस मंगळवारीच असते, मी नाताळसाठी बकल्याव, खारवलेला मासा, आणायला गेले. परत आले तर गावातल्या सगळ्यांच्या पायांना चिखल, सगळ्यांची फावडी ओली. सकाळी घंटा वाजली होती. थंडीत कुरणांवर पाणी सोडावं लागतं, नाहीतर गवत गोठून जातं. ते पाणी नेणारा पाट पानांनी तुंबला होता. प्रत्येक घरातून एक माणूस गेला. फेलिझबेला काकूंनी आपल्या जावयाला पाठवलं. आपल्या घरातून कुणी नाही.

मी तशीच मासा हातात घेऊन आदेरितोकडे गेले. "मला सांगायचं तरी!"

"घंटा सांगते."

"मी बसमध्ये होते!"

"हं," तो म्हणाला, आणि काठी घेऊन आत गेला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं. हसत असेल, तर मेल्याला माफी नाही.

आधी नऊ दिवस धूर नाही, आता घंटेला माणूस नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

पण ऐक. घर गेलं तरी मी जाणार नाही. रिबैरूंची रिकामी खोली भाड्याने मिळेल. तिलाही धुराडं आहे.

मासा चांगला मिळाला. एकटीसाठी जास्तच आहे.

– देओलिंडा

सोब्रेदाल, १ जानेवारी

माझ्या बेल्मिरो,

मला दंड झाला! पाच लिटर वाइन! मी अजून हसतेय आणि मध्येच रडतेय, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

पहिल्यापासून सांगते. प्रार्थना संपल्यावर सगळे भट्टीच्या खोलीत जमले. भट्टी तापलेली, बाहेर बर्फ. मी दारापाशी उभी, कारण बसायची जागा काठीवरच्यांची. झेफेरिनोने लगेच खुर्ची आणली, "मादाम, बसा." मी बसले नाही.

आदेरितोने नवी काठी काढली, गोरीपान, नुकती सोललेली. चाकूने एकेक खाच पाडत, घराचं नाव घेत गेला. सतरा झाल्या. मी बोटांवर मोजत होते, जसं काही सतरानंतर आपोआप अठरा येणार. त्याने चाकू मिटला.

"आता दंड," तो म्हणाला. "एकोणीस डिसेंबर, पाटाची साफसफाई. सगळी घरं हजर. एक सोडून." माझ्याकडे बघितलंही नाही. "देओलिंडा, एल्विराची लेक, तिच्याच घरची. घंटेला माणूस पाठवला नाही. पाच लिटर वाइन, आज, इथे, सगळ्यांसाठी."

झेफेरिनो उठला. "अरे, तिला दंड कसा? ती काठीवर कुठे आहे? नऊ दिवस धूर नव्हता तिच्याकडे, मी स्वतः मोजलेत. पाहुण्यांना कुणी दंड करतं का?"

"बरोबर आहे," आदेरितो म्हणाला. "पाहुण्यांना दंड नाही. दंड फक्त घराला. मग आता गावानेच सांगावं. ती पाहुणी असेल तर वाइन नाही, आपण पाणी पिऊन घरी जाऊ. ती घर असेल, तर पाच लिटर. कोणाला काय हवंय?"

तू तिथे असायला हवा होतास. म्हातारा क्लेमेंचि, ज्याला ऐकू येत नाही असं सगळे समजतात, त्याने सगळ्यांत आधी हात वर केला. "वाइन!" मग काकूंचा जावई. मग सगळ्या बायका. झेफेरिनोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पेल्याकडे, आणि म्हणाला, "नऊ दिवसांत ती आजारी असू शकेल, नाही का?" आणि हात वर केला. मग दरडावून मला म्हणाला, "ए देओलिंडा, उभी काय राहिलीस? वाइन आण की!"

मादाम नाही म्हणाला. ए देओलिंडा!

आदेरितोने चाकू उघडला, अठरावी खाच पाडली, आणि तिच्या शेजारी लगेच दंडाची चीर. गावात आपली खाच एकच अशी, जिच्यावर पहिल्याच दिवशी चीर आहे. मी ती बोटाने चाचपून पाहिली. मग त्याला विचारलं, "घंटा मंगळवारीच का वाजवलीस रे? बस मंगळवारी असते, तुला ठाऊक नव्हतं?"

"पाट मंगळवारीच तुंबला," तो म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवत लाकडं बघायला गेला.

वाइन मी त्याच्याकडूनच उसनी आणली. सगळ्यांना मी स्वतः ओतली. पहिल्यांदाच कुणी माझ्या हातातून काही काढून घेतलं नाही.

आता खरी गोष्ट. परत येताना फेलिझबेला काकू माझ्या दंडाला धरून चालत होत्या, दोन पेले पोटात, जीभ सैल. आपल्या घराचा धूर दिसला तशा थांबल्या. "तुझ्या भावाला येत्या रविवारी सांगायला हवं," म्हणाल्या.

"कोणत्या रविवारी? काय सांगायला हवं?"

"दर रविवारी फोन करतो की. प्रार्थनेनंतर. एकच विचारतो, 'काकू, धूर आहे का?' मी हो म्हटलं की ठेवतो. नोव्हेंबरात मी म्हटलं, 'नाही रे, धूर नाही, ती गेली वाटतं.' तर म्हणाला, 'गेली नाही, हीटर लावून बसली असेल. तिला चूल पेटवता येत नाही. तुमच्या चुलीतले निखारे नेऊन द्या, पण मी सांगितलं म्हणू नका.'" मग तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, आता सांगितलं ना मी."

मी रस्त्यातच बसले. बर्फात, नव्या स्कर्टवर. काकू म्हणाल्या, "उठ, थंडी बाधेल," पण मला कसली थंडी!

हीटरचं मी फक्त तुलाच लिहिलं होतं, म्हणजे माझी सगळी पत्रं तू वाचलीस. घर विकायचे कागद तूच पाठवलेस, आणि ते विकलं जाऊ नये म्हणून निखारेही तूच पाठवलेस. तू ती चूल विझवलीस असं मी अकरा वर्षं जगाला सांगत फिरले. ती पेटवलीसही तूच, बाळा. माझ्या नुसत्या फुंकरी.

कागद मी जाळलेले नाहीत, घाबरू नकोस. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी घालून ठेवलेत. आता टेबल हलत नाही.

आणि एक काम आहे. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी मोठा पाट साफ करायचाय. प्रत्येक चुलीमागे एक माणूस आणि एक फावडं. आदेरितोने विचारलं, "तुमच्या घरचं कोण?" मी तुझं नाव सांगितलं. त्याने लिहूनही घेतलं. बाबांचं फावडं काढून, घासून दारामागे ठेवलंय.

तू आला नाहीस तर पुन्हा दंड होईल, आणि या वेळची वाइन मी आणणार नाही. ती ज्याने पाळी चुकवली त्याने स्वतः येऊन गावाला पाजायची असते. मी विचारून घेतलंय.

तेव्हा दोन्हीकडून तुला यावंच लागणार. लवकर ये. धूर आहे.

– तुझी ताई